नादारीचा अर्ज आणि व्यापाऱ्याची वही



उधारीवाचून व्यापार चालत नाही आणि उधारी आली की बुडीत येणेही ओघानेच येते. दिवाळे निघालेला पेढीवाला पूर्वी भरदिवसा दुकानात दिवा लावून आपली असमर्थता जाहीर करी, असे जुनी मंडळी सांगत. पुढे ही घोषणा करण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला. त्यासाठी मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांकरिता १९०९ चा आणि अन्य भागांकरिता १९२० चा नादारी कायदा झाला. २०१६ च्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींना लागू झाला. सामान्य दुकानदारासाठी त्यानंतरही जुनेच कायदे चालू राहिले.

धनकोने ऋणकोविरुद्ध नादारीचा अर्ज करावयाचा, तर नुसती थकबाकी पुरेशी नाही. १९२० च्या कायद्यानुसार येणे किमान ५०० रुपयांचे हवे आणि अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत ऋणकोकडून ‘नादारीचे कृत्य’ घडलेले हवे. धनकोंना चुकविण्यासाठी घर वा दुकान सोडून जाणे, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, देणी थांबवीत असल्याची सूचना देणे, ही अशी कृत्ये होत. ऋणको देणे फेडण्यास समर्थ आहे असे दिसल्यास न्यायालय अर्ज फेटाळते.

येथे संतापलेल्या धनकोने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नादारीचा अर्ज हे वसुलीचे हत्यार नव्हे. ऋणको नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. सरकारी देणी, नोकरांचे वेतन अशा अग्रहक्काच्या रकमा वजा जाता उरलेले सर्वांत प्रमाणशीर वाटले जाते. अर्ज करणाऱ्याला इतरांहून अधिक काही मिळत नाही.

ऋणकोनेही तितकेच सावध असावे. समजा, एका कापड दुकानदाराकडे वाटपायोग्य दहा लाख आहेत आणि बिनतारणी देणे चाळीस लाखांचे आहे. समान वाटप झाले तर प्रत्येकास रुपयामागे पंचवीस पैसे मिळतील. परंतु त्याने प्रथम मेहुण्याचे आठ लाख गुपचूप चुकते केले, तर बत्तीस लाखांच्या धनकोंसाठी दोनच लाख उरतात. रुपयामागे जेमतेम सहा पैसे. आप्तास दिलेला हा आधार वस्तुतः इतरांच्या ताटातून काढलेला घास ठरतो. म्हणूनच एखाद्या धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत दिलेली रक्कम कायदा रद्दबातल ठरवितो.

कायदा निष्ठुर मात्र नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे न करावयाचे दागिने, कारागिराची अवजारे यांना तो हात लावीत नाही. हिशेबाच्या वह्यांना मात्र ही सूट नाही. त्या स्वाधीन कराव्याच लागतात. पुढे ऋणमुक्तीचा अर्ज आला की याच वह्या बोलतात. नादारीपूर्वीच्या तीन वर्षांत धंद्यास साजेशा वह्या ठेवल्या नसतील, किंवा आपण बुडालो हे कळूनही व्यापार चालू ठेवला असेल, तर संपूर्ण ऋणमुक्ती नाकारली जाते. उलट, मालमत्ता बिनतारणी देण्याच्या निम्मीही नसली, तरी ते आपल्या दोषाने घडले नाही हे पटवून देणाऱ्यास मार्ग मोकळा राहतो. लबाडीने केलेले कर्ज मात्र ऋणमुक्तीनंतरही फिटत नाही.

दिवाळे ही आपत्ती आहे. लपवाछपवी हा अपराध आहे. या दोहोंतील भेद न्यायालयाला दाखविते ती नीट लिहिलेली वही. म्हणून अडचणीची चाहूल लागताच ऋणकोने सर्व धनकोंस एकत्र बोलवावे, वह्या उघड्या कराव्यात. आणि धनकोंनी न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी त्या शांतपणे वाचाव्यात. पैसा गेला तरी पत राखता येते, ती या मार्गानेच.