पंधराव्या वर्षी मिशनवर
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मिशनरी म्हटलं की आपल्यापुढे शिकवणारा माणूस उभा राहतो. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले. बॉस्टनच्या ज्या बोर्डाने त्यांना पाठवलं, त्याच बोर्डाची माणसं 1820 मध्ये हवाई बेटांवर पोचली. शाळा, छापखाने, व्याकरणं हा सारा इतिहास आपण वाचलेला आहे. आज मी त्याच बेटांवर पुढे 1854 साली पोचलेल्या एका मुलाविषयी बोलणार आहे. तो वेगळ्या पंथाचा, मॉर्मन होता. वय होतं पंधरा. नवख्या मिशनरीचे पहिले महिने तिथल्या लोकांच्या जिवावर निघतात आणि इतिहास लिहिताना नेमके तेच लोक गाळले जातात, असं माझं म्हणणं आहे. ते या मुलाच्या उदाहरणाने मांडतो.

जोसेफ एफ. स्मिथ हा मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा पुतण्या. 1844 मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगावर जमावाने हल्ला केला. त्यात त्याचे वडील हायरम आणि चुलते जोसेफ हे दोघेही मारले गेले. पोर तेव्हा पाच वर्षांचं होतं. पुढे आई मेरी फील्डिंग मुलांना घेऊन बैलगाडीने यूटाकडे निघाली. त्या प्रवासात नऊ वर्षांचा जोसेफ स्वतः बैल हाकत होता. 1852 मध्ये आईही गेली. एके दिवशी शाळेत मास्तर धाकट्या बहिणीला मारायला निघाले, तेव्हा हा मध्ये पडला. मास्तर त्याच्यावर धावून आले आणि त्याने मास्तरांनाच चोप दिला. शाळा तिथेच संपली. थोड्याच दिवसांनी, एप्रिल 1854 मध्ये, सॉल्ट लेकच्या परिषदेत मिशनसाठी त्याचं नाव पुकारण्यात आलं.

पंधरा वर्षांच्या अनाथ मुलाला समुद्रापार धाडणं मला कठोर वाटतं. पंथातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सावरण्यासाठीच हे केलं, असं म्हणतात. तसं असेलही. पण वाटखर्चही त्याच्याजवळ नव्हता. कॅलिफोर्नियात घरांवर घालायच्या लाकडी फळ्या पाडण्याच्या कामावर राबून त्याने जहाजाचं भाडं जमवलं आणि सप्टेंबरअखेर तो होनोलुलूला उतरला.

त्याची नेमणूक माउई बेटावर, हालेआकाला या प्रचंड ज्वालामुखीच्या उतारावरच्या कुला भागात झाली. तिथे पोचल्यावर त्याला तापाने गाठलं. भाषेचा एक शब्द येत नाही, जवळ पैसा नाही, घरी वाट पाहणारी आई नाही. त्याला आपल्या घरात ठेवून घेतलं ते माहुही नावाच्या एका हवाईकर बाईने. तिने त्याला पोटच्या मुलासारखं जपलं आणि बरं केलं. तो तिला आई म्हणे, ती त्याला ‘इओसेपा’, म्हणजे हवाईयन उच्चारातलं जोसेफ, म्हणे. अशा घरांमध्ये राहूनच तो भाषा शिकला. सुमारे शंभर दिवसांत आपण हवाईयन बोलू लागलो, असं तो पुढे सांगे. सोळाव्या वर्षी माउईवरच्या शाखांची जबाबदारी त्याच्यावर आली.

अन्नाचं एक उदाहरण देतो. हवाईकरांचं मुख्य अन्न पोई. अळूचा कंद शिजवायचा, दगडी बत्त्याने फळीवर कुटायचा आणि पाणी घालून सरबरीत करायचा. एकदोन दिवस ठेवला की तो आंबतो, आणि लोक तो बोटांनी खातात. जोसेफच्या आधी चार वर्षं तिथे गेलेला जॉर्ज क्यू. कॅनन हा तरुण मिशनरी. पोईच्या नुसत्या वासाने आपल्याला मळमळायचं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पण यजमानांनी आपल्यासाठी वेगळं काही रांधावं, हे त्याला पटेना. ही पोई मला गोड लागू दे, अशी त्याने प्रार्थना केली आणि खाल्ली. पुढे ती त्याला आवडू लागली. त्या काळी प्रचारक पैशाची पिशवी न घेता निघत, त्यामुळे रोजचा घास यजमानाच्या घरचाच असे.

या कॅननला वाइलुकू गावी जोनाथन नापेला भेटले. ते हवाईकर न्यायाधीश होते, चांगले शिकलेले. बुक ऑफ मॉर्मन या पंथाच्या धर्मग्रंथाचा हवाईयन अनुवाद या दोघांनी मिळून केला आणि तो 1855 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत छापला गेला. नव्याने येणाऱ्या मिशनऱ्यांना आपल्या घरी ठेवून भाषा शिकवण्याची योजनाही नापेलांचीच. पुढे त्यांच्या पत्नीला कुष्ठरोग झाला. तिला मोलोकाई बेटावरच्या कालाउपापा वसाहतीत पाठवलं, तेव्हा 1873 मध्ये नापेला तिच्याबरोबर तिथे राहायला गेले. त्यांनाही तो रोग जडला आणि 1879 मध्ये ते तिथेच वारले. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोठा माणूस तेच वाटतात.

जोसेफच्या पहिल्या महिन्यांच्या रोजनिशा आगीत गेल्या. आज हाती आहेत त्या 1856 पासूनच्या. पण म्हातारपणी त्याने या दिवसांबद्दल जे सांगितलं, त्यातलं एक वाक्य खटकतं. अंगावर धड कपडे नव्हते, एका गरीब, अज्ञानी, मागासलेल्या लोकांच्या मैत्रीखेरीज कुणीच सोबती नव्हता, अशा अर्थाचं ते आहे. ज्या लोकांतल्या एका बाईला तो आई म्हणत होता, त्याच लोकांविषयी हे शब्द! तरीही त्याची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. कित्येक दशकांनी, पंथाचा अध्यक्ष होऊन तो होनोलुलूला आला, तेव्हा अंध, जख्ख म्हातारी झालेली माहुही ‘इओसेपा’ अशी हाक मारत धक्क्यावर आली. तिच्या हातात त्याच्यासाठी केळी होती. त्याने धावत जाऊन तिला मिठी मारली. माया आणि तोरा एकाच मनात राहू शकतात. मिशनचा इतिहास वाचताना हे दोन्ही पाहिले पाहिजेत.

याच काळात हा पंथ आपल्याकडेही आला होता. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात प्रचार करू लागला. लष्करी अधिकाऱ्यांनी कॅन्टोन्मेंटात अडवल्यावर त्याने बाहेर जागा केली. एक छोटी शाखाही उभी राहिली. पण त्या दशकातच हिंदुस्थानातलं काम बंद पडलं. त्याला कारणं अनेक आहेत. मला मोठं वाटतं ते हे की इथे भर राहिला गोऱ्या शिपायांवर. हवाईतही पहिल्या तुकडीतले काहीजण गोऱ्यांपुरतं बघून परतले होते. कॅननसारखे मागे राहिले आणि लोकांच्या घरात शिरले, म्हणून तिथे काम टिकलं.

आज मॉर्मन मुलगा अठराव्या वर्षी मिशनवर जाऊ शकतो. 2012 पर्यंत ही अट एकोणीसची होती. आधी प्रशिक्षण, मग दोन वर्षं सेवा, बरोबर सदैव एक जोडीदार. 2019 पासून दर आठवड्याला घरी फोन करायची मुभा आहे. सोयी वाढल्या. तरी परक्या गावातल्या पहिल्या आठवड्यात त्याचं अडखळतं वाक्य न हसता ऐकून घेणारं माणूस त्याला आजही लागतंच.

आता एक विनंती. अहमदनगर, सातारा, सोलापूर, मुंबई या ठिकाणी आपल्या कितीतरी पूर्वजांनी परदेशी मिशनऱ्यांना मराठी शिकवली, त्यांना घरी जेवू घातलं, आजारपणात पाहिलं. त्यात पंडित होते, मुनशी होते, स्वयंपाकिणी आणि दायाही होत्या. मिशनऱ्यांची चरित्रं छापली गेली, यांची नावं मात्र फार थोडी उरली आहेत. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत एखादं पत्र, पगाराची पावती, दाखला, फोटो असेल, तर तो रद्दीत देऊ नका. जवळच्या इतिहास मंडळाकडे न्या आणि सोबत त्या माणसाचं पूर्ण नाव लिहून द्या.