जुनं न पुसता नवं: कुवेतच्या ‘सख्र’ संगणकाची गोष्ट



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. तेव्हापासून कुवेतमध्ये सालमिया असो, मंगफ असो की अब्बासिया, आपल्या घरांत एकच प्रश्न ऐकू येतो: लॅपटॉप ठणठणीत चालतोय, मग नवा का घ्यायचा? विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. तो नसला की चालता संगणक एका रात्रीत म्हातारा ठरतो. अपडेट केलं आणि पसंत पडलं नाही, तर परतीचं दार दहा दिवस उघडं असतं, पुढे बंद.

एवढ्यासाठी व्याख्यानमालेतलं एक आख्खं पुष्प खर्ची घालावं का, असं आपल्या मंडळाच्या कार्यवाहांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांची शंका रास्त होती. पण मला लॅपटॉपबद्दल बोलायचंच नाही. मला बोलायचंय ते या टेबलावर ठेवलेल्या यंत्राबद्दल. कळफलक आणि संगणक एकाच खोक्यात, प्रत्येक कळीवर एक रोमन आणि एक अरबी अक्षर, वर कार्ट्रिज बसवायची खाच, कॅसेट रेकॉर्डर जोडायची सोय, आणि पडदा म्हणजे घरातला टीव्ही. हा ‘सख्र’. इथे १९८५ च्या आसपास राहिलेल्यांनी तो शेजारच्या अरब कुटुंबाच्या दिवाणखान्यात पाहिलेला असेल. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती घेण्यासाठी जुनी पुसावी लागत नसे. ते कसं, आणि ती अक्कल कुठून आली, एवढाच माझा विषय.

हे यंत्र आणणाऱ्या कंपनीचं नाव अल-अलामिया. ती १९८२ मध्ये कुवेतमध्ये उभी केली मोहम्मद अल-शारेख यांनी. गृहस्थ अर्थतज्ज्ञ. शिक्षण कैरोत आणि अमेरिकेत, नोकरी कुवेत फंडात.  त्यांना हवं होतं ते एवढंच, की अरब मुलाने संगणक शिकायला आधी इंग्रजी शिकायची सक्ती असू नये. त्यांनी हाताशी धरलेल्यांपैकी सर्वांत मोठं नाव नबील अली यांचं. हे इजिप्तचे, शिक्षण विमान अभियांत्रिकीचं, आणि पुढे अरबी भाषेच्या संगणकीय अभ्यासाचे पितामह ठरले. अर्थतज्ज्ञ आणि विमानवाला मिळून व्याकरणाचा प्रश्न सोडवायला बसतात, हे दृश्य मला फार आवडतं. आपल्याकडे असल्या कामाला आधी समिती लागते.

शारेख यांनी शहाणपणा केला तो असा, की स्वतःचं यंत्र पहिल्यापासून बनवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. १९८३ च्या जूनमध्ये जपानच्या आस्की कंपनीचे काझुहिको निशी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एमएसएक्स’ नावाचं एक प्रमाण जाहीर केलं होतं. सोनी, पॅनासोनिक, सान्यो, यामाहा, फिलिप्स, पुढे कोरियाची देवू, सगळ्यांनी आपापल्या नावाने यंत्रं काढायची, पण आतली रचना एक. एकाचं कार्ट्रिज दुसऱ्यात चाललं पाहिजे. अल-अलामियाने यामाहासारख्या कंपन्यांची यंत्रं घेऊन त्यांवर अरबी चढवली. ए-एक्स १७० हे त्यातलं घरोघरी गेलेलं मॉडेल. ए-एक्स ३५० आणि ३७० ही पुढच्या पिढीची, म्हणजे एमएसएक्स-२. शेवटी तर त्यांनी ए-एक्स ९९० मध्ये सेगाचं मेगा ड्राइव्ह हे खेळाचं यंत्र आणि एमएसएक्स एकाच खोक्यात कोंबलं. पालकांना शिक्षण, मुलांना खेळ. कोणाचा हिशोब चुकला नाही.

आता आतली रचना. इथे जरा थांबतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

आतला प्रोसेसर झेड-८०, वेग ३.५८ मेगाहर्ट्झ. त्याला एका वेळी ६४ किलोबाइट मेमरीच दिसते, त्यापलीकडचं जग त्याला ठाऊक नाही. एमएसएक्सच्या रचनाकारांनी यावर तोड काढली ती ‘स्लॉट’ची. मुख्य स्लॉट चार, आणि प्रत्येकाचे आणखी चार उपस्लॉट होऊ शकतात. हे ६४ केबी सोळा-सोळा केबीच्या चार पानांत विभागलेले. कुठलं पान कुठल्या स्लॉटमधून वाचायचं, हे चालू असताना बदलता येतं. मूळ बायोस आणि बेसिक मिळून ३२ केबीचा रॉम एका स्लॉटमध्ये. अरबीचा रॉम वेगळ्या जागी. कार्ट्रिज तिसरीकडे. फ्लॉपीचा इंटरफेस स्वतःचा रॉम घेऊन चौथीकडे. कोणीही कोणाच्या अंगावर लिहीत नाही.

बटण दाबलं की बायोस एकेक स्लॉट तपासत जातो. ठरावीक पत्त्यावर ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरं सापडली, तर तिथे काहीतरी आहे असं समजून त्याला आपली तयारी करायला सांगतो आणि पुढे सरकतो. म्हणजे हे यंत्र दर वेळी नव्याने हजेरी घेतं. काल काय बसवलं होतं याची आठवण ते ठेवत नाही, म्हणून कालच्या चुकीचं ओझंही आज त्याच्यावर नसतं.

फ्लॉपीसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एमएसएक्स-डॉस. पहिली आवृत्ती १९८४ ची, लिहिली टिम पॅटरसन यांनी. एमएस-डॉस ज्यापासून निघालं ते मूळ डॉसही याच माणसाचं. त्यांनी दोन घरचं पाणी एकत्र केलं: फ्लॉपीवर फाइल ठेवायची पद्धत एमएस-डॉसची, आणि प्रोग्रामने सिस्टिमशी बोलायची पद्धत त्याआधीच्या सीपी/एमची. त्यामुळे वर्डस्टार, टर्बो पास्कल असली ऑफिसातली मंडळी या घरगुती यंत्रात येऊन बसू शकली. दुसरी आवृत्ती १९८८ ची. तिने फोल्डरात फोल्डर दिले, मेमरीत तात्पुरती डिस्क दिली, चुकांचे संदेश माणसासारखे केले. पण तिला कमीत कमी १२८ केबी मेमरी हवी, तीही ‘मॅपर’ पद्धतीची. ए-एक्स १७० मध्ये ६४ आहे. म्हणजे विंडोज ११ चा आजचा अनुभव तेव्हाही होताच: यंत्र चांगलं, पण नव्या आवृत्तीला अपुरं.

फरक पुढे आहे. डॉसचा गाभा रॉममध्ये असल्यामुळे दुसरी आवृत्ती कार्ट्रिजच्या रूपाने आली. मेमरीही कार्ट्रिजमधून वाढवता येते. आज मिळणाऱ्या कार्ट्रिजांत तर गाभा, वाढीव मेमरी आणि एसडी कार्डाची जागा एकत्रच असते. खाचेत बसवा, चालू करा. यंत्राला दोन गाभे सापडतात आणि वरच्या क्रमांकाचा गाभा सूत्रं घेतो. मात्र फ्लॉपीवर त्याच्या जोडीच्या दोन फाइल हव्यात. पहिलीसाठी एमएसएक्सडॉस डॉट सिस आणि कमांड डॉट कॉम, दुसरीसाठी त्यांचीच दोन आकडा लावलेली भावंडं. वेगवेगळ्या नावांमुळे चारही फाइल एकाच फ्लॉपीवर सुखाने नांदतात. यंत्र बंद करून कार्ट्रिज काढलं की तुम्ही परत १९८४ मध्ये. पण बंद करून, हे लक्षात ठेवा. चालू यंत्रातून कार्ट्रिज ओढणं हा ते मारायचा खात्रीचा मार्ग आहे.

जुन्यात परत जायचंच कशाला, असं कोणी विचारेल. दुसरी आवृत्ती जास्त मेमरी अडवते, म्हणून पहिलीच्या काळातले कित्येक खेळ आणि प्रोग्राम तिच्याखाली उभेच राहत नाहीत. उलट बाजूही आहे. दुसरीत फोल्डर करून ठेवलेल्या फाइल पहिलीला दिसत नाहीत, कारण तिला उपफोल्डर माहीतच नाही. घाबरायचं नाही, फाइल गेलेल्या नसतात. स्पेनच्या नेस्टर सोरिआनो यांनी एमएसएक्स-डॉस २ वरून ‘नेक्स्टॉर’ नावाची सिस्टिम केली आहे. मूळ डॉस २ ची मर्यादा ३२ मेगाबाइटच्या भागापर्यंत, नेक्स्टॉर ४ गिगाबाइटपर्यंत जातं. आणि सुरू होताना आकडा १ ची कळ दाबून धरली, की ते पहिल्या आवृत्तीसारखं वागतं. मूळ डॉसवर शिफ्ट दाबून धरली तर डिस्कचा रॉम बाजूलाच राहतो आणि निव्वळ बेसिक समोर येतं. आवृत्ती बदलणं म्हणजे एका बोटाचं काम. आता इथे तुमच्यासमोर करून दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतून ‘एवढंच?’ असा आवाज आला. हो, एवढंच.

अरबीचंही असंच. तिने मूळ यंत्राला हात लावला नाही, शेजारी येऊन बसली. पण ती बसू शकली याला एक तांत्रिक कारण आहे, आणि ते आपल्या जिव्हाळ्याचं. या पिढीच्या यंत्रात अक्षराला जागा आठ बाय आठ ठिपक्यांची, आणि एका तक्त्यात २५६ आकृत्या. अरबीची अक्षरं २८. शब्दातल्या जागेप्रमाणे एकेकाची जास्तीत जास्त चार रूपं. शंभराच्या आसपास आकृत्या झाल्या, म्हणजे रोमन ठेवूनही मावतात. लिहायचं उजवीकडून आणि आकडे मात्र डावीकडून, हा त्रास होता, पण तो प्रोग्रामने सुटणारा. देवनागरीला तिथे जागाच नाही. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, आणि जोडाक्षरांचा तर गाव. आठ ठिपक्यांच्या उंचीत ‘र्ध्वं’ बसवून दाखवावं.

म्हणून आपल्याकडे वाट निराळी निघाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं आणि त्यातून ‘जिस्ट’ कार्ड घडलं. पीसीच्या खाचेत बसवायचं हे कार्ड भारतीय लिप्या दाखवायचं काम स्वतःवर घेत असे. तत्त्व तेच: मूळ यंत्र मोडायचं नाही, शेजारी बसायचं. पण ते कार्यालयांत, छापखान्यांत आणि सरकारी खात्यांत राहिलं. मराठी मुलाच्या घरात, टीव्हीला जोडलेला, मराठीत आज्ञा घेणारा संगणक कधी आला नाही. लिपी अवघड हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं असं, की आपल्याकडे कोणी शारेख निघाला नाही. पैसा मुंबईत होता आणि भाषाप्रेम तर पुण्यात विकायला ठेवण्याइतकं होतं.

इकडे कुवेतमध्ये २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आल्या. त्या दिवसांबद्दल या सभागृहातल्या काहींना मी सांगावं हे बरं नव्हे. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी लाखाच्या वर भारतीय मायदेशी गेले. हातातल्या पिशवीत कागदपत्रं आणि दागिने असतील, कॅसेटवरचे प्रोग्राम कोण घेणार? अल-अलामियाचं कामही कैरोला हललं. एमएसएक्सचा जमाना तोवर ओसरला होता. कंपनीने यंत्रांचा धंदा मागे सोडून अरबी सॉफ्टवेअर हाती घेतलं: शब्दकोश, भाषांतर, कुराणाचा शोध. शारेख यांनी पुढे अरबी साहित्यिक नियतकालिकांचं मोठं डिजिटल भांडार उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना किंग फैजल पुरस्कार मिळाला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले.

तुमच्या लॅपटॉपचं उत्तर देऊन टाकतो, नाहीतर बाहेर चहाच्या वेळी घेराल. आधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रत, म्हणजे इमेज, बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग जुनी एसएसडी तशीच काढून ठेवा आणि नवी आवृत्ती दुसऱ्या एसएसडीवर चढवा. यंत्र ११ ला पात्र नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा, त्याने डिस्कला धक्का लागत नाही. हवल्लीतल्या इब्न खलदून रस्त्यावरच्या दुकानात ‘फॉरमॅट करून देतो’ म्हणतील. त्यांना आधी विचारा, प्रत घेतली का? माझं मत स्पष्ट आहे: परत जाता येत नाही असा बदल ज्याचा संगणक आहे त्याने ठरवावा, विकणाऱ्याने नव्हे.

आणि एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, इथे किंवा गावाकडच्या घरी, सख्र किंवा दुसरा कुठला जुना एमएसएक्स असेल, तर तो भंगारात किंवा अल-राईच्या शुक्रवारच्या बाजारात देण्याआधी मंडळाला कळवा. मित्रिबाला २०१६ च्या जुलैमध्ये ५३.९ अंश नोंदले गेले. असल्या उन्हाळ्यात बंद खोलीत कॅसेटची फीत आणि यंत्रातले कपॅसिटर फार वर्षं टिकत नाहीत. आपणहून यंत्र चालू करून बघू नका. काही ड्राइव्हमधला रबरी पट्टा विरघळून डांबर झालेला असतो आणि तो फ्लॉपीही घेऊन जातो. आधी कॅसेटची नक्कल, मग फ्लॉपीची, यंत्राची दुरुस्ती शेवटी. कॅसेटवर मुलाने पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर ते खोडू नका; आत काय आहे, हे बहुधा तेवढ्यावरूनच कळतं.