आगोटीची बेगमी आणि भट्टीची उचल

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय काटकसरीचा आहे असे मी म्हटल्याबरोबर आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. त्याचे मला आश्चर्य वाटत नाही. काटकसर हा पोट भरलेल्याने उपाशी माणसाला करावयाचा उपदेश आहे, मजुरी अपुरी असताना मजुराकडे त्याच्या विडी-चहाचा हिशेब मागणे हा निर्लज्जपणा आहे, असे आपण वर्षानुवर्षे सभांतून सांगत आलो आणि त्यात काही खोटे नाही. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. त्यांना जाऊन 'पाणी जपून वापरा' असे सांगणाऱ्याला आपण काय म्हणू? पैशाचेही तसेच आहे. तरीसुद्धा आज मी काटकसरीची बाजू घेणार आहे, आणि ती मजुरीच्या दरासाठी घेणार आहे.

प्रथम कातकरी कुटुंबाचे वर्ष कसे जाते ते पाहू. दिवाळी आटोपली की वाडी रिकामी होते आणि माणसे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक जोडी धरली जाते आणि हजार विटांमागे दर ठरतो. मुलेही हाताखाली राबतात. त्यांची मजुरी कोणी धरत नाही आणि शाळा मात्र बुडते. आठवड्याला 'खर्ची' म्हणून थोडे पैसे मिळतात. पाऊस तोंडावर आला की शेठ वही काढतो. उचल आणि खर्ची वजा जाऊन उरेल ते मजुराचे. काहीच न उरले तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

ही उचल घेतली जाते केव्हा? गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत. लावणी-बेणणीची कामे संपलेली, भात अजून शेतात उभे, हाताला काम नाही. रेशनचे धान्य २०२३ सालापासून मोफत मिळते, हे खरे. पण त्या तांदळाबरोबर शिजवायला डाळ लागते, तेल लागते, पोर तापाने फणफणले तर औषध लागते. अशा वेळी नोटा पुढे करणाऱ्या मुकादमाला कोणी दर विचारत बसत नाही. हजार विटांचा भाव भट्टीवर पोचण्याच्या कितीतरी आधी, भाद्रपदात, रिकाम्या डब्यांपाशी ठरून गेलेला असतो.

ठाणे जिल्ह्याला हे दुखणे नवे नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली भागात 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून पैसे घ्यावयाचे आणि त्या फेडीपोटी नवरा-बायकोने त्याच्या घरी-शेतावर राबावयाचे. १९३९ सालच्या सिमिंग्टन अहवालात या गुलामगिरीची सरकारदरबारी नोंद झाली. पुढे जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यातून वारल्यांचा जो उठाव झाला त्याने वेठ आणि लग्नगडी मोडून काढली. गोदावरी आणि शामराव परुळेकर आपल्या विचाराचे नव्हते. पण ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. उचलीपोटी मजुराचे दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य गेले असेल तर ती वेठबिगारीच होय, असे हा कायदा सांगतो. त्याने जुनी कर्जे रद्द केली. ज्या गरजेपोटी माणूस नव्याने कर्ज उचलतो ती गरज मात्र कोणताही कायदा रद्द करू शकत नाही, आणि आपले काम तेथे सुरू होते.

आता वैशाखाकडे वळू, कारण सगळी मेख तेथे आहे. भट्टीचा हिशेब होतो तेव्हा मजुराच्या हाती वर्षातली एकमेव गठ्ठ्याची रक्कम येते. ती किती तुटपुंजी असते ते आपण जाणतो, पण ती एकदम येते. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात तिच्यावर दोन हक्क सांगितले जातात. एक आगोटीचा. आपल्याकडे पाऊस लागण्यापूर्वी सुकट, बोंबील, डाळ, मिरची, मीठ, कांदे भरून ठेवावयाची चाल आहे. आपल्या आज्या चार महिन्यांची ही बेगमी करीत आणि बँकेचे तोंडही न पाहता ती पुरवीत. पौषात म्हशाच्या जत्रेत घोंगडी घेऊन ठेवावयाची आणि ती आषाढात डोक्यावर घ्यावयाची, हीही त्याच शहाणपणाची रीत. दुसरा हक्क लग्नसराईचा. अलीकडे लग्नापेक्षा हळद मोठी झाली आहे. मांडव, डीजे, गावजेवण, दारू. ज्यांच्या जमिनीला मोबदला मिळाला त्यांच्या घरी हे सुरू झाले आणि त्यांचे पाहून वाडीवर उतरले. हळदीच्या एका रात्रीत आगोटीचे पैसे जातात, आणि भाद्रपदात त्याच घरी मुकादम येऊन बसतो.

आपण त्यांना दोष देऊ नये. मी तर मुळीच देऊ शकत नाही. माझ्या मुलाच्या लग्नात 'लोक काय म्हणतील' या एका वाक्यापुढे मी मान तुकवली आणि पतपेढीचे कर्ज तीन वर्षे फेडत बसलो. वाडीतल्या ज्या जोडप्याला मी बचतीच्या गोष्टी सांगत होतो ते त्या पंगतीत वाढावयास होते. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर वर्षभर माझ्या बैठकीला आले नाहीत.

रोजच्या खर्चाचेही थोडे सांगतो. गरीब माणूस महागात खरेदी करतो, कारण तो थोडे थोडे घेतो. पाच-दहा रुपयांच्या पुडीतले तेल-मसाले किलोच्या भावाने मोजून पाहा. मोबाइलचे रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचे, म्हणजे वर्षाचे महिने बारा आणि पैसे तेरा वेळा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, हे भट्टीवर सांगितले तर लोक हसतात. दिवसाला दहा रुपये त्यात गेले तर भट्टीच्या सात महिन्यांत एका माणसाचे दोन हजार शंभर होतात, जोडीचे चार हजार दोनशे. वर्षाची डाळ नसेल, पण पावसाळ्याची नक्की आहे. ज्याची कंबर दिवसभर चिखलात वाकलेली असते त्याने तंबाखूची चिमूट का घेतली, हे मात्र उपदेश करण्यापूर्वी समजून घ्यावे.

नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. दुकानांतून कार्डाची यंत्रे बसली. पैसे देण्याची तऱ्हा बदलली म्हणजे खर्चाची सवय बदलली, असा समज त्यामागे होता. पण उधारीवर जगणाऱ्याच्या खात्यात मुळात असते काय?

बचत गटांचे काम मी मोलाचे मानतो. परंतु गटाची मासिक बैठक भरते गावात, आणि कातकरी बाई कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत असते भट्टीवर. तिचे हप्ते थकतात, नाव गळते आणि आपण म्हणतो की यांना बचतीची सवय नाही. बचतीचे पंचांगच तिच्या पंचांगाशी जुळत नाही. खर्ची आठवड्याला मिळते, तर वर्गणीही आठवड्याला आणि भट्टीवरच गोळा झाली पाहिजे. त्यासाठी आपल्याला वाडी सोडून भट्टीपर्यंत जावे लागेल.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यांत काही विणकर होते, पै-पैसा जमवून स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढाच माल. सहकाराच्या जगभरच्या चळवळीने त्या दुकानाचा आदर्श पुढे ठेवला. आपल्याला दुकानसुद्धा काढावयाचे नाही. जमलेल्या वर्गणीतून वैशाखात एका वाडीने मिळून तेलाचे डबे, डाळीचे पोते आणि सुकी मासळी घाऊक भावाने आणावयाची, घरोघर वाटून वहीत मांडावयाची. सुरुवात प्रत्येक तालुक्यात दोन वाड्यांपासून करावी, अधिक नको. येत्या लग्नसराईत कार्यकर्त्यांच्या घरची हळद घरच्या माणसांत होईल, हे आज येथेच ठरावे. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी नावे द्यावीत. आणि भाद्रपदात मुकादम आला की त्या दोन वाड्यांनी एकत्र बसून त्याच्याकडून हजार विटांचा दर आधी कागदावर लिहून घ्यावा, मगच उचलीचे बोलावे. त्या दिवशी मी स्वतः वाडीवर हजर राहीन.