संशय नको, उपचार हवा



वऱ्हाडात गुप्तांगावरील चामखीळ लाजेपोटी लपविली जाते. हा शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणूचा संसर्ग होय. लागणीनंतर चामखीळ उगवण्यास कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. म्हणून ती दिसताच सुनेवर ठपका ठेवून तिला माहेरी धाडणे अन्यायाचे आहे. चुना-सोडा लावू नये. पतिपत्नींनी मिळून तपासणीस यावे. निरोधाने धोका घटतो, पूर्णतः टळत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ साली आलेली सर्वाव्हॅक लस प्रतिबंध करते. झालेला रोग बरा करीत नाही. अमरावती-अकोल्याच्या शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये विनामूल्य सल्ला मिळतो. तेथे जा वा आमच्याकडे या. गुप्तता राखणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.