पोलादी बांधकामातील तडे : शोध आणि दुरुस्ती



पोलाद हे सामर्थ्याचे प्रतीक मानले जाते. पूल, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे, कारखान्यांची छपरे, विजेचे खांब या सर्वांचा भार पोलाद निमूटपणे वाहत असते. त्यामुळे एकदा उभारलेले पोलादी बांधकाम जन्मभर तसेच राहील, अशी समजूत सर्वसामान्यांच्या मनात रुजलेली आढळते. ही समजूत किती घातक ठरू शकते, याचा दाखला अमेरिकेतील एका पुलाने दिला.

ओहायो नदीवर पॉइंट प्लेझंट या गावाजवळ १९२८ साली एक झुलता पूल बांधण्यात आला. रुपेरी रंगामुळे लोक त्यास सिल्व्हर ब्रिज म्हणत. तारेच्या दोराऐवजी टोकांस भोके असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तो टांगलेला होता. १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळी पूल वाहनांनी गजबजलेला असताना तो अल्पावधीत नदीत कोसळला आणि ४६ माणसे प्राणास मुकली. चौकशीअंती असे दिसून आले की, एका पट्टीच्या भोकापाशी सुमारे अडीच मिलिमीटर खोलीचा तडा गेला होता. तेथूनच पट्टी तुटली. साखळीच्या प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या असल्यामुळे एक तुटताच दुसरीला भार पेलवला नाही. तो तडा सांध्याच्या आत दडलेला होता. सांधा उकलल्यावाचून तो दिसणे त्या काळी शक्य नव्हते. या दुर्घटनेनंतर अमेरिकेने पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम केले. ते १९७१ साली अमलात आले.

एवढ्या बळकट धातूला तडा जातो तरी कसा? लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. परंतु तीच पुढेमागे वाकवीत राहिल्यास काही वेळाने सहज तुटते. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक मालमोटारीबरोबर पोलादावरील ताण वाढतो आणि उतरतो. असे लक्षावधी वेळा घडले म्हणजे धातूस थकवा येतो. हा थकवा प्रथम भोके, तीक्ष्ण कोपरे आणि वेल्डिंगचे सांधे अशा दुबळ्या जागा गाठतो. त्यात गंजाची भर पडली की तड्याची वाढ झपाट्याने होते. गोमंतकासारख्या खारे वारे आणि दीर्घ पावसाळा असलेल्या प्रदेशात हा धोका अधिकच असतो. मांडवी नदीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो काँक्रीटचा होता हे खरे, परंतु काँक्रीटच्या पोटातील ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पूल गेला आणि लोकांना नदी ओलांडण्यासाठी पुन्हा फेरीबोटींवर विसंबावे लागले.

तडा शोधण्याचे पहिले साधन म्हणजे डोळे. रंगावर उठलेली बारीक रेघ, तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग, सैल झालेले रिव्हेट किंवा बोल्ट, नेहमीपेक्षा निराळा कंप वा आवाज ही तड्याची लक्षणे असू शकतात. संशय आल्यास तज्ज्ञ ती जागा खरवडून स्वच्छ करतात आणि तिच्यावर पातळ लाल रंगद्रव लावतात. पृष्ठभाग पुसून पांढरी भुकटी फवारली की तड्यात शिरलेला रंग वर येऊन लाल रेघ उमटते. दुसऱ्या पद्धतीत पोलादाला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकतात. ती तड्याच्या कडांशी गोळा होते. आतील दोष मात्र या उपायांनी कळत नाहीत. त्यासाठी कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी धातूत सोडून त्यांचा प्रतिध्वनी तपासतात, किंवा क्ष-किरणांनी छायाचित्र घेतात.

तडा सापडल्यावर त्यावर रंगाचा हात फिरविणे हा उपाय नव्हे. त्याने रोग झाकला जातो, बरा होत नाही. कापडाला लहानसा काप दिला की ते तेथूनच टर्रकन फाटत जाते, कारण सारा ताण त्या टोकावर एकवटतो. पोलादातील तड्याचेही तसेच असते. म्हणून तड्याचे नेमके टोक शोधून तेथे गुळगुळीत गोल भोक पाडतात. त्यामुळे एकवटलेला ताण विखुरतो आणि तड्याची वाढ थांबते. परंतु हा बहुधा तात्पुरता बंदोबस्त असतो. त्यानंतर तडा पूर्ण कोरून काढून योग्य उष्णता देऊन वेल्डिंग करतात, अथवा दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या लावून त्या भक्कम बोल्टांनी आवळतात. घाईने केलेले वेल्डिंग नव्या तड्यास जन्म देते. आणि मूळ कारण दूर केल्याखेरीज कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

मेंफिस शहराजवळ मिसिसिपी नदीवरील महामार्गाच्या पुलावर ११ मे २०२१ रोजी तपासनीसांना मुख्य तुळईचा मोठा भाग चिरून गेलेला दिसला. त्यांनी तत्काळ दूरध्वनी करून पूल रिकामा करण्यास सांगितले. वाहतूक बंद झाली. नदीतील जहाजेही काही दिवस थांबविण्यात आली. पोलादी पट्ट्या बसवून आणि इतर सांधे तपासून ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत पूल पुन्हा खुला करण्यात आला. एकही जीव गेला नाही. परंतु पुढे उघड झाले की, २०१९ सालच्या चित्रफितीत तो तडा दिसत होता आणि २०१६ साली लहान होडीतून जाणाऱ्या एका नागरिकाने घेतलेल्या छायाचित्रातही तो आढळला. तडा डोळ्यांसमोर होता, पण त्याची दखल घेतली गेली नव्हती.

यावरून प्रत्येकाचे कर्तव्य स्पष्ट होते. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या नोंदी मागील नोंदींशी ताडून पाहाव्यात आणि तक्रार क्षुल्लक समजून बाजूस सारू नये. शिक्षकांनी तारेचा साधा प्रयोग वर्गात करून दाखवावा. ग्रामस्थांनी पुलावर वा टाकीच्या मनोऱ्यावर काही वावगे दिसल्यास जागा आणि दिनांक नमूद करून सार्वजनिक बांधकाम खात्यास लेखी कळवावे. धोका उघड दिसत असेल तर पोलिसांना तत्काळ वर्दी द्यावी. आणि बंद केलेल्या पुलावर कोणत्याही कारणाने पाऊल ठेवू नये. १८ मे २०१७ रोजी कुडचडे-सावर्डे येथील पोर्तुगीज काळातील बंद पदपुलावर नदीतील शोधकार्य पाहण्यासाठी गर्दी जमली आणि तो जीर्ण पूल त्या भाराखाली कोसळला.

पोलाद आपली व्यथा बोलून दाखवीत नाही, ती खुणांनी कळविते. त्या खुणा वेळीच ओळखल्या तर दुरुस्ती अल्प खर्चात होते. दुर्लक्ष केले तर त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते.