गाडीचे स्पीकर, घरचा संगणक

आमची जुनी गाडी भंगारात गेली, पण तिचे दोन स्पीकर मी काढून ठेवले. वडिलांच्या कीर्तनाची कॅसेट संगणकात उतरवली होती. ती आईला मोठ्याने ऐकवायची होती. तारा थेट साउंड कार्डाला जोडल्या. आवाज कसला, डासाची गुणगुण! कारटेप बसवणारा पोरगा हसला. "काका, हे ४ ओहमचे स्पीकर. त्यांना हलवायची ताकद कार्डात कुठली? मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवा."

गाडीचाच अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला, 'लाइन आउट'मधून त्याला वायर दिली. पहिला जळाला, स्पीकरची उणे तार मी पत्र्याला टेकवली होती. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा दोन्ही तारांत सिग्नल असतो, हे कुणाला ठाऊक! दुसरा चालला. वडिलांचं खाकरणं ऐकू येताच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.