देवळाचा कळस आणि घराची पागोळी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, शिखर आणि कळस एवढेच डोळ्यांपुढे येते. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची हकीकत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी तिथे पहिले काम हाती घेतले ते यादवबाबांच्या पडक्या मंदिराचे. त्या देवळाची लाकडे गावानेच काढून नेऊन दारूच्या भट्ट्यांखाली घातली होती! देऊळ उभे राहिले, माणसे तिथे बसू लागली, आणि मग बोलणे निघाले ते पाण्याचे. तिथला पाऊस वर्षाकाठी जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर, तोही उतारावरून वाहून जाई. पाणलोटाची कामे झाली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी गावाने पाळली, आणि तेवढ्याच पावसात विहिरींना पाणी टिकू लागले.

नालाबंडिंग व बांधबंदिस्ती ही कामे एका घराच्या आवाक्यातली नव्हेत. परंतु पागोळीचे पाणी घरच्याच मालकीचे असते. त्याचा हिशेब शाळेतले पोरही करील. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद पत्र्याच्या घरावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३०,००० लिटर पाणी पडते. उडाले, सांडले, वाफ होऊन गेले ते वजा घातले तरी २४,००० लिटर हाती राहावे. पंधरा लिटरची घागर धरली तर १,६०० घागरी! ज्या माउलीने वैशाखात डोक्यावरून पाणी वाहिले आहे, तिला या आकड्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. पन्हाळ, नळी आणि टाकी, अथवा टाकी परवडत नसेल तर आडाजवळ वाळू-खडीचा खड्डा, एवढ्यावर काम भागते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आजही घराघरांत आहेत. नातवंडांनी त्यांना एकदा विचारावे.

मोरीच्या पाण्याचेही तसेच. ते गल्लीत सोडायचे आणि डास झाले म्हणून ग्रामपंचायतीला बोल लावायचा, ही रीत सोयीची खरी, पण शहाणपणाची नाही. मोरीचे पाणी परसातल्या अळवाला, केळीला, कर्दळीला जावे. परस नसेल त्याने शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे संपवली आणि डासांचा उपद्रव हटवला. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद, टाक्या रिकाम्या करून घासून कोरड्या ठेवल्या की डासाची पैदास मोडते. याला पैसा लागत नाही, फक्त वार ठरवून पाळावा लागतो.

चुलीबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण हा विषय सभेत कुणी काढत नाही. ओली लाकडे पेटत नाहीत म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घालून चूल पेटवण्याची सवय पुष्कळ घरांत लागली आहे. त्या धुराचे विष सर्वांत आधी चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जाते. ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरे आहेत त्यांना दोन घनमीटरचा गोबरगॅस चालवता येतो. रोज साधारण ५० किलो शेण लागते, घराचा स्वयंपाक होतो आणि मळी खत म्हणून शेतात जाते. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या तर खत हातचे गेलेच म्हणायचे.

आता देवळाच्या आवाराकडे वळू. महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक पिशव्या व थर्माकोलच्या ताटल्यांवर २३ मार्च २०१८ रोजी बंदी घातली. तरीही भंडारा झाल्यावर दुसऱ्या दिवशीचा उकिरडा पाहिला तर बंदी झाल्याचा संशयही येत नाही. उष्ट्याच्या वासाने गाय ती पिशवी अन्नासकट गिळते, आणि पिशवी पोटात साठत जाऊन जनावर मरते. गोमातेला नैवेद्य दाखवणाऱ्यांनी याचा विचार करावा. पळसाच्या पत्रावळी होत्या तोवर पंगतीनंतर उकिरड्याचे खतच होत असे. निर्माल्यही नदीत न सोडता आवारातल्याच खड्ड्यात पालापाचोळा व शेण घालून कुजवले, तर काही महिन्यांत फुलझाडांना खत मिळते. दोरे आणि पिशव्या तेवढ्या आधी काढाव्यात.

झाडे लावण्याचा उत्साह दांडगा असतो. काही ठिकाणी तर दर साली त्याच खड्ड्यात नवे रोप आणि तोच फोटो! शंभर रोपांपेक्षा घरटी एक रोप बरे. त्याला बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे, आणि तळाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके मुळाशी पुरावे. ते भरून ठेवले की उन्हाळ्यात पाणी झिरपत राहते. वड, पिंपळ, उंबर लावले तर पाखरेही येतात.

नव्या सभामंडपाचे छत मोठे आहे. त्याला पन्हाळ बसवून पाणी देवळाच्या विहिरीकडे वळवण्याचे काम पावसाळ्यापूर्वी होण्यासारखे आहे. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी मात्र बाहेर सोडावे. त्यात छतावरची धूळ आणि पारव्यांची विष्ठा असते.